वाळूच्या रंगाचं घर

५ जानेवारी १९७५, रविवार

घराची किल्ली मिळाली. शिक्षक सोसायटीच्या अंगणात आम्हा सगळ्यांना ओळीनं उभं केलं, नाव पुकारलं, किल्ली आणि पेढा हातात दिला. माझं घर अकरा नंबरचं. दोन खोल्या, एक मोरी, पुढे चार हात ओटा, मागे कडुलिंबाचं रोप. वय सेहेचाळीस, नोकरी पंचवीस वर्षं, आणि आजपर्यंत माझी स्वतःची म्हणावी अशी जागा एकच: दादाच्या माजघरात कॉटखाली सरकवलेली ट्रंक.

किल्ली देवापुढे ठेवली. वहिनींनी तिला हळदकुंकू वाहिलं. दादा म्हणाला, "छान झालं, कमल. आता चांगला भाडेकरू बघू."

"मिळालाय की."

"कोण?"

"मी."

मग जेवायला बसलो. वहिनींनी मला न विचारता भातावर दुसऱ्यांदा तूप वाढलं.

७ जानेवारी

दादाचं म्हणणं: एकटी बाई राहणार, लोक म्हणतील भावानं बहिणीला घराबाहेर काढलं. माझं म्हणणं: मग लोकांना सांग, बहिणीनंच भावाला सोडला. चिडून कचेरीत गेला, डबा तसाच राहिला. वहिनींची धावपळ.

आई-वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांची. दादानंच वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. हे मी विसरत नाही. तोही विसरू देत नाही.

१२ जानेवारी, रवि.

रिकाम्या घरात एकटी बसून आले. सिमेंटचा ओला वास. शहाबादी फरशी अजून घासलेली नाही, तशीच खरबरीत, करडी. आवडली. मजुराला म्हटलं, घासू नका, पॉलिश नको. तो म्हणाला, पॉलिशचे पैसे वेगळे पडत नाहीत बाई. म्हटलं, तरी नको.

शेजारचे रंगवून मोकळे झाले. दहा नंबर पिस्ता, खाली चॉकलेटी पट्टा. बारा नंबर गुलाबी. कंत्राटदार विचारतो, तुम्हाला कुठला? आकाशी देऊ?

मला काय हवंय ते गेल्या दिवाळीपासून ठाऊक आहे. बोलायची लाज वाटते म्हणून इथे लिहिते. शाळेची सहल मालवणला गेली तेव्हा जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला. पोरी पाण्यात किंचाळतायत आणि मी आपली आम्ही उतरलो होतो त्या घरात. खरं सांगायचं तर मला समुद्रापेक्षा ते घर जास्त आवडलं. किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंचं. चुन्याच्या भिंती, पण पांढऱ्याशुभ्र नव्हेत, वाळूच्या रंगाच्या. काथ्याची चटई. दोरीची बाज. खिडकीला धुऊन धुऊन मऊ झालेलं बिनरंगाचं कापड, वारा आला की फुगायचं. भिंतीवर एकसुद्धा कॅलेंडर नाही! कुणाला दाखवायला म्हणून काहीच मांडलेलं नाही. पायाला वाळू असली तरी बाई म्हणायच्या, या आत, घर वाळूचंच आहे. चार दिवस मी तिथं पाय पसरून बसले. दादाच्या घरी मी कधी पाय पसरून बसल्याचं मला आठवत नाही.

तसं घर. इथं, सोलापुरात. (पुढे त्याला नुसतं मा.घर लिहीन, हात दुखतो.)

१४ जानेवारी

ग्रामदैवताची गड्ड्याची यात्रा. देवाच्या काठ्यांची मिरवणूक. दादा पांढऱ्या बाराबंदीत, कपाळभर भस्म. वर्षातून एवढा एक दिवस तो मोकळा हसतो. ही बाराबंदी वहिनी धोब्याकडे देत नाहीत, स्वतः धुतात, स्वतः इस्त्री करतात. गर्दीत मला बघून दादानं हात केला. म्हणजे राग उतरला असावा. मीही हात केला.

२० जानेवारी

राग उतरला नव्हता. नुसता कपडे बदलून आला. आज म्हणाला, "वास्तुशांतीला कोण बसणार?"

खरंच की. जोडपं लागतं. मी एकटी. म्हणजे दादा-वहिनीच, दुसरं आहे कोण मला?

"बसू आम्ही. पण आधी घर घरासारखं कर. चार माणसांत माझी मान खाली जायला नको. तुझ्या डोक्यात काय ते वाळू-बिळू आहे म्हणे."

वहिनींना मी विश्वासानं सांगितलं होतं! त्या पोळ्या लाटत राहिल्या, वर बघितलं नाही.

वास्तुशांत झाल्याशिवाय मी त्या घरात राहायला जाणार नाही, हे दादाला पक्कं ठाऊक आहे. आईनं लावलेलं वळण, सुटत नाही. म्हणजे किल्ली माझ्याकडे आणि दार दादाच्या हातात.

२६ जानेवारी, रवि.

झेंडावंदन उरकून थेट अकरा नंबर. चुना मारायला बाबूमियाँ आलेले. आमच्या शाळेच्या भिंती वर्षानुवर्षं तेच रंगवतात. त्यांच्यापुढे मिठाच्या रिकाम्या बरणीत भरून आणलेली मालवणची वाळू ठेवली.

"हा रंग."

चिमटीत घेऊन चोळली. "बाई, ह्यो रंग न्हाय. ही वाळू हाय."

"तेच तर."

"आन नीळ?"

चुन्यात नीळ घालतातच, भिंत पांढरी झगझगीत दिसावी म्हणून. म्हटलं, नीळ अजिबात नाही. म्हातारा हबकला. "नीळ न्हाय टाकली तर भिंत आजारी दिसंल की ओ."

सहा ठिकाणी सहा ठिपके मारून बघितले. चिमूटभर पिवडी, गेरू त्याहून कमी. ओला चुना खोटं बोलतो, वाळल्यावर खरा रंग कळतो. उद्या बघायचं.

२७ जानेवारी

चौथा ठिपका! हुबेहूब! बरणी भिंतीला लावून बघितली, कुठं वाळू संपते आणि कुठं भिंत सुरू होते कळेना. शाळेला उशीर. हेडबाईंनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या पातळावरच्या चुन्याकडे. बघू देत.

२ फेब्रुवारी, रवि.

समुद्राचं घर म्हटलं की जो तो निळा रंग सुचवतो. स्टाफरूममध्ये सगळ्या एकदम: "निदान पडदे तरी निळे घ्या हो." अहो, मा.घरात निळं काहीसुद्धा नव्हतं. निळं सगळं बाहेर होतं, खिडकीत. घरात नुसती वाळू.

आणि आपल्याकडे निळ्याला काय तोटा? वर्षातले दहा महिने आभाळात बोटभर ढग नसतो. आज ओट्यावर उभी राहून बघितलं, चारी बाजूंनी निळंच निळं. खिडकी उघडली की झालं! हे सुचलं तेव्हा एकटीच मोठ्यानं हसले. बारा नंबरच्या बाईंनी कुंपणावरून डोकावून बघितलं.

९ फेब्रुवारी, रवि.

नरसय्यांकडे गेले. दोन्ही मुली माझ्या हाताखाली शिकलेल्या, म्हणून हातमागावर माझं काम घेतात, नाहीतर त्यांना फुरसत कुठली. एक चादर, दोन पडदे. सूत कोरं, रंग नको.

नरसय्यांचा हात मागावर थांबला. आत बायकोला तेलुगूत काहीतरी म्हणाले. ती बाहेर आली, माझ्याकडे नीट बघितलं, आत गेली.

"काय ओ बाई? सोलापूरची चादर आन रंग न्हाय? लोकं काय म्हणतील आमाला?"

"सांगा, बाईंनी सांगितलं."

मान हलवली, पण चिठ्ठी केली. सूत, लांबी, रुंदी. रंगाच्या रकान्यात मी काहीच लिहिलं नाही. नकोच आहे तर लिहायचं काय?

२३ फेब्रुवारी, रवि.

मेले मी!

नरसय्यांनी कौतुकानं चादरीची घडी उलगडली आणि... राणी. राणी रंग! डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

झालं असं. सूत त्यांच्या बाकीच्या मालाबरोबर रंगायला गेलं. तिथल्या रंगाऱ्यानं चिठ्ठी बघितली, रकाना रिकामा. त्याच्या लेखी रिकाम्या रकान्याचा अर्थ एकच, तुम्हाला चांगला वाटेल तो द्या. रंगच नको असणारं गिऱ्हाईक त्या बापड्यानं जन्मात पाहिलं नसेल. त्यात शाळेच्या बाईंचं नवं घर. मग काय, सगळ्यात पक्का, सगळ्यात ठसठशीत रंग काढला आणि सूत दोनदा बुचकळलं.

"धुवा, आपटा, कायबी करा. जाणार न्हाय," नरसय्या म्हणाले. जाणार नाही हेच तर रडणं आहे.

ओरडायला तोंड उघडलं. समोर नवरा-बायको दोघं माझ्या चेहऱ्याकडे टक लावून. आणि वर्गात रोज कोण सांगतं, रकाना रिकामा सोडू नका म्हणून? मीच. "फार सुरेख झालीय," म्हटलं. आणि लगेच, "आता दुसरी विणा. पडदेही. रंग नाही. हे बघा, लिहून देते." पाटीवर लिहितो तशा मोठ्या अक्षरात लिहिलं: रंग घालू नये. खाली सही.

२४ फेब्रुवारी

राणी चादर घरी आणली. वहिनींनी उलगडली, हात फिरवला, गालाला लावली. "कुणाची हो ही, वन्सं?"

"तुमची."

"चला, काहीतरीच."

पण परत दिली नाही. संध्याकाळी त्यांच्या ट्रंकेत सगळ्यात वर तीच होती. वहिनींनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी कधी ऐकलं नाही. मागितलं आजही नाही म्हणा.

१ मार्च

नरसय्या शाळेच्या फाटकाशी उभे. आत या म्हटलं तर येईनात. म्हणाले, विणतो, पण नुसतं कोरं माझ्या मागावरून उतरायचं न्हाय. माझ्या बापानं उतरवलं न्हाय. "कोरं कापड माणसाला एकदाच लागतंय बाई. आन ते घ्यायला माणूस स्वतः येत न्हाय."

मी वाद घालणार होते, पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की एवढंच विचारलं, "काय करू मग?" "एक धागा तरी रंगाचा पायजे."

"एकच. काठाला. त्या राणीतला उरलाय तो घाला."

म्हातारा इतका खूश झाला की फाटकातून आत आला आणि चहा घेऊन गेला.

१८ मार्च

मंगळवार बाजार. सांगोल्याकडचा घोंगडीवाला. काळी, करडी, तपकिरी, मधेच पांढुरकी. विचारलं, यातली रंगवलेली कुठली? "रंग कशापायी, बाई? मेंढरू जसं तशी घोंगडी." पाया पडावंसं वाटलं त्याच्या. अख्ख्या सोलापुरात मला समजून घेणारा एक माणूस भेटला आणि तो सांगोल्याचा! करडी घेतली.

घायपाताचा दोर घेतला, बाजेला. बुरुडाकडून दोन टोपल्या आणि दिव्यावर उपडी घालायला तिसरी. तो म्हणाला, "कोंबडी झाकायची काय?" म्हटलं, हो, विजेची.

३० मार्च, रवि.

बाज स्वतः विणली. सुतारानं चौकट दिली, बाकी मी. दोन दिवस, दोन्ही तळव्यांना फोड. घायपात फार खरबरीत, हात सोलून काढतो. पण ताणून बसले तेव्हा बाज अशी कुरकुरली की बस्स.

आणि नरसय्यांचे पडदे लागले. कोऱ्या सुताचा रंग म्हणजे पांढरा नव्हे, सायीसारखा. भिंत, फरशी, घोंगडी, टोपल्या, सगळ्यांशी त्याचं जमलं. मालवणच्या शिंपल्या खिडकीत ठेवल्या. तीनच. जास्त ठेवायचा मोह आवरला. चारच्या सुमाराला वारा आला, पडदा फुगला. मी खोलीच्या मधोमध उभी राहून टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. जमलं, जमलं, जमलं!

६ एप्रिल, रवि.

दादा घर बघायला आला. शाळा तपासणीला येणाऱ्या साहेबाला मी भीत नाही, याला भ्याले. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. भिंती, पडदे, बाज, सगळीकडे नजर फिरवली.

"रंग कधी देणार?"

"दिलाय."

"हा? हा पांढरा फटक?" मग हळू आवाजात, जे जास्त लागतं: "सुतक पडल्यासारखं घर केलंस, कमल. इथं देवाला बोलवायचं? मी नाही बसणार. हिरवा दे, गुलाबी दे, कसलाही दे. मग सांग."

चप्पल न काढताच परत फिरला. बारा नंबरच्या बाई कुंपणाशी. त्यांनी सगळं ऐकलं.

७ एप्रिल

रडले. लिहून ठेवते, नाहीतर पुढे म्हणेन रडले नव्हते.

२० एप्रिल, रवि.

मुहूर्त २२ मेचा. तो हुकला तर गुरुजी म्हणतात थेट दिवाळीनंतर बघा. दादा जेवायला बसला की बोलत नाही, मी बसले की उठतो. वहिनी मधल्या मधे पाणी वाढतात.

सकाळची शाळा सुटली की अकरा नंबरला जाते. झाडते, खिडकी उघडते, बाजेवर बसते, कुलूप लावून परत. माझ्याच घरात पाहुणी.

आज हरले. बाबूमियाँना विचारलं, या भिंतीवर पिस्ता मारता येईल का. त्यांनी नखानं भिंत जराशी खरवडून बघितली. मग म्हणाले, "येईल की. पर बाई, मग ते सहा ठिपके काय उगाच मारले व्हय?"

नाही. नाही मारणार पिस्ता. दिवाळी तर दिवाळी.

११ मे, रवि.

आजचा दिवस शाईनं नको, सोन्यानं लिहायला हवा. नीट लिहिते.

वहिनींनी घर अजून पाहिलंच नव्हतं. दादा नेत नव्हता, आणि त्याच्याशिवाय त्या कुठे जात नाहीत. सकाळी चहा ठेवताना म्हणाल्या, "मला वन्संचं घर बघायचंय." दादा पेपरामागून: "काही बघण्यासारखं नाही तिथं." वहिनी: "मग बघून ठरवते."

मी अठ्ठावीस वर्षं त्या घरात वहिनींबरोबर काढली. असं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दादानंही नसावं, कारण पेपर खाली आला.

तिघं टांग्यानं गेलो. दादा ओट्यावरच थांबला, मागे हात बांधून. वहिनी अनवाणी आत. फरशीवर पाऊल ठेवलं आणि तिथंच थबकल्या. "किती गार!" मग भिंतीवर हात फिरवत फिरवत चारी कोपरे फिरल्या. पडद्याचा काठ उचलून बघितला, राणीचा धागा सापडला. हसल्या. "हिची बहीण माझ्याकडे आहे." मग बाजेवर बसल्या. आणि पाय पसरले! माझ्या डोळ्यांसमोर, दादा दारात असताना, वहिनींनी पाय लांब केले.

दादा बाहेरून: "बघितलंस ना? आता सांग तुझ्या वन्संना. नव्या घराला असला पांढरा रंग शोभतो का?"

वहिनी बसल्या जागेवरून, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ आहे का विचारावं तशा: "मग तुमची बाराबंदी कुठल्या रंगाची आहे हो?"

दादाचे मागे बांधलेले हात सुटले.

"अठ्ठावीस वर्षं मी धुतेय. पांढरीच आहे की. ती घालून देवाच्या काठीबरोबर चालता. तेव्हा कुणाचं सुतक असतं?"

कुंपणापलीकडे बारा नंबरच्या बाई फिस्सकन हसल्या आणि आत पळाल्या.

"देवाला पांढरं चालतं, आणि यांच्या बहिणीला चालत नाही होय," वहिनी स्वतःशीच म्हणाल्या आणि पडद्याकडे बघत बसल्या.

दादानं खाली बघितलं. एक चप्पल काढली. थांबला. दुसरी काढली. आत आला.

मी जिंकले असं लिहिणार होते. पण मी कुठं? वहिनी जिंकल्या.

२२ मे

झाली वास्तुशांत! दादा-वहिनी शेजारी शेजारी पाटावर, मी मागे. होमाच्या धुरानं एक भिंत जराशी करडी झाली. बाबूमियाँ म्हणाले, पुसून चुना मारतो. म्हटलं, राहू द्या, छान दिसतंय. ते म्हणाले, "बाई, तुमाला काय बी छान दिसतं." नरसय्या सहकुटुंब. येणाऱ्या जाणाऱ्याला पडद्याचा काठ धरून धागा दाखवत होते, पडदा म्हणजे त्या धाग्यासाठी केलेलं निमित्त. हेडबाई म्हणाल्या, साधंच आहे, पण उठावंसं वाटत नाही. दोनदा म्हणाल्या. बारा नंबरच्या बाई हळूच: "कुठला नंबर हो ह्या रंगाचा?" मी बरणी दाखवली.

पंगत उठल्यावर दादा जरा टेकतो म्हणून घोंगडीवर आडवा झाला. दुपारी झोपणाऱ्यांना तो आळशी म्हणतो. तीन वाजले, चार वाजले. पाहुणे त्याला ओलांडून गेले. पाच वाजता उठला, इकडे तिकडे बघितलं, ओशाळला.

"वारा कुठून येतो गं?"

"खिडकीतून."

"आपल्याकडे का येत नाही?"

"आपल्याकडे खिडकीत कपाट आहे, दादा."

१ जून, रवि.

माझ्या घरातून लिहिते. माझ्या. घरातून.

ट्रंक दादानं स्वतः टांग्यात चढवली, मला हात लावू दिला नाही. इथं आणून बाजेखाली सरकवली, मग परत ओढून भिंतीशी ठेवली. "आता खाली कशाला," म्हणाला. निघताना ओट्यावर घुटमळला. "शाळेतून येताना रोज एकदा तोंड दाखवून जात जा. इथं रात्री-अपरात्री काही झालं तर आम्हाला कळणार कसं?" आणि रुमाल काढून चष्मा पुसत बसला.

तेव्हा कळलं मला. भांडण रंगाचं नव्हतंच. मठ्ठ मी. त्याला मी जायला नको होते, एवढंच होतं, आणि ते त्याला बोलता येईना म्हणून पिस्ता आणि गुलाबी. "येईन रे," म्हटलं. त्याच्या पाया पडले. तो गेल्यावर आत येऊन पाय पसरून बसले. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करता येतात.

१७ ऑगस्ट, रवि.

दर रविवारचा नेम झालाय. जेवण झालं की दादा येतो, घोंगडीवर पडतो, पाचला उठतो. "तुझ्याकडं जरा लक्ष ठेवायला" येतो म्हणे. घोरत लक्ष ठेवतो. वहिनी बरोबर. आम्ही दोघी ओट्यावर शेंगा सोलत बसतो.

आज वहिनी म्हणाल्या, "वन्सं, समुद्राचा आवाज कसा असतो हो?"

विचार करून सांगितलं, नरसय्यांच्या गल्लीत शिरण्याआधी लांबून सगळ्या मागांचा मिळून आवाज येतो ना, न थांबणारा, तसा.

"मग मला झोप लागेल तिथं." बऱ्याच शेंगा झाल्या. मग सुपाकडेच बघत: "मला दाखवाल का?"

वहिनींचं वय एकोणपन्नास. सोलापूरच्या बाहेर माहेर वैराग, आणि मुलांकडे पुण्याला एकदा. बस्स.

"दाखवेन," म्हटलं. "पण दादा?"

"ते बघू," म्हणाल्या. हे वाक्यही नवीनच.

२७ ऑक्टोबर

तिकिटं काढली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची कोल्हापूर गाडी, पुढे मालवण. आठ दिवस. दोन तिकिटं. वहिनी हातात घेऊन उलट सुलट बघत बसल्या. दादाला अजून कळलेलं नाही. दोघींपैकी कुणी सांगायचं यावर रोज चर्चा. मी म्हणते मी सांगते, त्या म्हणतात त्या सांगतील. दोघीही सांगत नाही.

५ नोव्हेंबर, भाऊबीज

आजवर भाऊबीज कशी? दादाच्याच घरात, दादाच्याच ताटात, मी दादाला ओवाळायचे. भाऊ बहिणीच्या घरी जेवायला येतो म्हणतात, ते इतरांचं. आज तो आला. नवा सदरा, हातात मिठाईचा पुडा, दाराशी येऊन चक्क विचारलं, "येऊ का?" मी नुसता पाट सरळ केला. सकाळीच मदतीला आलेल्या वहिनींनी आतून सांगितलं, या.

पाट, रांगोळी, निरांजन. ओवाळलं. दादानं खिशातून पाकीट काढलं, मग म्हणाला, "पहिलीच भाऊबीज तुझ्या घरची. माग काय हवं ते. पातळ घेऊ? घड्याळ?"

आता की नंतर, आता की नंतर... "वहिनी दे," म्हटलं. "आठ दिवस. उद्या सकाळच्या गाडीनं. समुद्र दाखवून परत आणून देते."

दादाला आधी गंमत वाटली. मग वहिनींकडे बघितलं. वहिनी उभ्या होत्या, मान खाली नाही, सरळ.

पुऱ्या तळायचं निमित्त करून मी आत आले आणि हे लिहितेय. तेल तापतंय. बाहेर वहिनींचा आवाज: "आठच दिवस. डब्यात चिवडा, चकल्या, सगळं करून ठेवलंय." दादाचा आवाज अजून नाही. पडदा फुगल्याचा तेवढा येतोय.

वहिनींचं बोचकं दाराआड दडवलंय, राणी चादरीत बांधून. मीच म्हटलं होतं, तिथं ठेवा, दिसणार नाही. पण या घरात राणी रंग कुठं दडणार? फटीतून बघितलं आत्ता. दादा पाटावरच बसलाय, कुंकवाचा टिळा तसाच, आणि नजर दाराकडे. बोचकं त्याला दिसलंय.